परिषदेच्या गांवीं जेवावें कोठें ?



परिषदेचें निमंत्रणपत्र आपण सर्वांनींच पाहिलेलें असतें. त्यांत अध्यक्षांचें नांव ठळक अक्षरांत असतें, उद्घाटकांचें त्याहून ठळक असतें, स्वागतमंडळाच्या सभासदांना तर दोन पृष्ठें पुरत नाहींत; आणि अगदीं तळाशीं, जागा उरलीच तर, एक ओळ असते : "प्रतिनिधींच्या निवासाची व भोजनाची सोय केली आहे." ह्या एका ओळींत काय काय दडलेलें असतें, तें मी आज आपणांस सांगणार आहें. विषय क्षुल्लक आहे असें कोणास वाटेल. ज्यांस तसें वाटतें त्यांनीं परक्या शहरांत दुपारचे तीन वाजेपर्यंत उपाशीं बसून अध्यक्षीय भाषण ऐकलेलें नाहीं, एवढेंच मी म्हणतों.

मी इंदापूर तालुक्यांतील कळस गांवचा. शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत झालेलें, आणि उभा जन्म मास्तरकींत गेलेला. शिक्षकांचीं अधिवेशनें, उद्बोधनवर्ग, विज्ञानप्रदर्शनें, आणि स्वतःच्या हौसेखातर साहित्यसंमेलनें, अशा नाना निमित्तांनीं मला वर्षांतून दोनचारदां तरी गांव सोडावें लागे. एस. टी. नें स्वारगेटला उतरावें, पिशवी खांद्याला लावावी आणि पत्ता विचारीत निघावें, हा क्रम. पाठ टेकण्याची जागा बहुधा कोणी तरी ठरवून ठेवलेली असे. पोटाची व्यवस्था मात्र ज्याची त्यानेंच पाहावी लागे. त्या अनुभवाखेरीज दुसरा अधिकार मजपाशीं नाहीं.

पुण्याला परिषदांचा नाद जुना आहे. मराठी ग्रंथकारांचें पहिलें संमेलन ११ मे १८७८ रोजीं हिराबागेंत भरलें. न्यायमूर्ति रानडे अध्यक्षस्थानीं होते, आणि लोकहितवादी खटपटींत त्यांच्या जोडीला होते. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं पुण्याच्या कँपांत दोराबजी ह्यांचें पारशी उपाहारगृह सुरू झालें. परंतु हिराबागेंतील ग्रंथकारांपैकीं कोणी संमेलन आटोपून तिकडे चहापावासाठीं गेला असेल, ही गोष्ट मला संभवनीय वाटत नाहीं. त्या काळीं परगांवीं गेलेला सभ्य गृहस्थ आप्ताच्या किंवा जातभाईच्या घरीं उतरे, आणि तेथेंच जेवी. खिशांत पैसा असला म्हणजे कोठेंही बसून जेवतां येतें, ही कल्पनाच मुळीं आपल्याकडे फार उशीरा रुजली.

परिषदेच्या जेवणखाण्याचा प्रश्न केवळ सोयीचा नसतो हेंही पुण्यानेंच पाहिलेलें आहे. राष्ट्रसभेचें पहिलें अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरांत पुण्यास भरावयाचें ठरलें होतें. सार्वजनिक सभेनें यजमानपद स्वीकारलें होतें. पर्वतीजवळच्या पेशव्यांच्या बागेंत सभा भरविण्याची व प्रतिनिधींना उतरविण्याची तयारी झाली होती. तोंच शहरांत पटकीचे रोगी आढळूं लागले. देशाच्या चारी दिशांकडून येणाऱ्या पाहुण्यांना तेथलें पाणी पाजावें कीं नाहीं, हा प्रश्न उभा राहिला, आणि ऐनवेळीं सारा बेत मुंबईस हलवावा लागला. २८ डिसेंबर रोजीं गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत ७२ प्रतिनिधी जमले. पटकीचा जंतु पाण्यावाटे व अन्नावाटे पोटांत जातो, हें कॉख नांवाच्या जर्मन डॉक्टरानें कलकत्त्यास राहून १८८४ सालीं नुकतेंच दाखवून दिलें होतें. राष्ट्रसभेच्या जन्मगांवाचा मान पुण्याच्या हातून गेला तो कोणाच्या मतभेदानें नव्हे. पाण्याच्या एका पेल्यानें गेला.

आणि त्यानंतर पांच वर्षांनीं पुण्यांत चहाच्या पेल्यानें जें वादळ उठविलें तें तर प्रसिद्धच आहे. १८९० च्या ऑक्टोबरांत पंचहौद मिशनमध्यें एक व्याख्यान झालें. व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींपुढें चहा आला. मंडळींत रानडे होते, टिळकही होते. कोणीं चहा प्यायला, कोणीं पेला नुसता हातीं घेऊन खालीं ठेवला. गोपाळराव जोशी ह्यांनीं उपस्थितांचीं नांवें 'पुणें-वैभव' पत्रांत छापवून आणलीं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि दोन वर्षें पुण्यांतील मोठमोठ्या घरांतून ह्या एका चहावरून श्राद्धपक्षास ब्राह्मण मिळेनात. अखेर प्रायश्चित्तें झालीं. आज हें ऐकून आपण हंसतों. पण ज्यांच्या हातचें पाणीच निषिद्ध मानलें गेलें होतें, त्यांना हंसूं येण्याचें कारण नव्हतें. पुढें कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं गंगाराम कांबळे ह्यांस चहाचें दुकान काढून दिलें, आणि महाराज स्वतः तेथें गाडी थांबवून चहा घेऊं लागले, तेव्हां बरोबरच्या बड्या मंडळींची पंचाईत झाली. कारण महाराज प्यायल्यावर त्यांनाही प्यावा लागे. खेड्यांतील चहाच्या दुकानाबाहेर कोनाड्यांत ठेवलेली निराळी कपबशी मी माझ्या लहानपणीं पाहिलेली आहे. आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमांत, दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें ह्यांत प्रवेश करण्यास कोणासही जातीधर्मावरून अडवितां येणार नाहीं, असें स्पष्ट लिहिलें आहे. घटनेसारख्या ग्रंथांत उपाहारगृहाचा उल्लेख कशाला, असें मला एका विद्यार्थ्यानें विचारलें होतें. मीं त्याला हीच कपबशीची गोष्ट सांगितली.

असो. इतिहास पुरे, आतां पोटाकडे वळूं.

पस्तीस-एक वर्षांपूर्वींची गोष्ट. पुण्यांत शिक्षकांचें एक अधिवेशन होतें. आमच्या शाळेंतून आम्ही दोघे गेलों होतों : मी, आणि आमचे मुख्याध्यापक. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असूं. वयानें ते मजहून पंधरा वर्षांनीं वडील, आणि मधुमेही. सकाळीं चहाबरोबर गोळी घेत, आणि साडेबारा वाजतां जेवत. शाळेची घंटा चुकेल पण अण्णांची वेळ चुकणार नाहीं, अशी ख्याति होती. कार्यपत्रिकेंत दुपारच्या भोजनाची वेळ साडेबाराच छापलेली होती, म्हणून आम्ही निश्चिंत होतों. साडेबारा वाजले तेव्हां स्वागताध्यक्ष बोलत होते. एक वाजला तेव्हां पाहुण्यांचा परिचय चालला होता. अध्यक्षांचें भाषण अडीचला संपलें. मग भोजनाच्या कुपनांसाठीं रांग, कुपनें मिळाल्यावर ताटासाठीं रांग. आम्ही पुढें सरकलों तों वाढप्यानें हात उलटे करून दाखविले. भात संपला होता, दुसरा चढविला होता.

अण्णांच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलें, उकाड्यानें. मीं विचारलें तर त्यांनीं भलतेंच उत्तर दिलें; आमच्या शाळेच्या हजेरीविषयीं कांहीं बोलले. हात थरथरत होता. मीं त्यांना धरून मंडपाबाहेर काढलें. समोरच्या गल्लींत एका खाणावळीचें दार अर्धें ओढलेलें दिसलें. आंत एक बाई पाटावर बसून स्वतःच्या ताटाची तयारी करीत होत्या. त्यांनीं अण्णांकडे एकदां पाहिलें आणि मी कांहीं बोलण्याआधींच विचारलें, "ह्यांना साखर आहे का हो ?" मीं मान हलविली. बाईंनीं पेलाभर पाण्यांत मूठभर साखर ढवळली व अण्णांच्या ओठांना लावली. "माझ्या सासऱ्यांना असंच व्हायचं," एवढेंच म्हणाल्या. दहापंधरा मिनिटांत अण्णा माणसांत आले. मग बाईंनीं आपल्या घरच्या भांड्यांतील आमटीभात आम्हां दोघांना वाढला, आणि पैसे एकाच ताटाचे घेतले, "दुसरं ताट माझं होतं, त्याचे कसले पैसे?" असा त्यांचा हिशेब.

जेवण झाल्यावर अण्णा मला म्हणाले, "गुरुजी, अध्यक्षांचं भाषण झकास झालं, फक्त शेवटचा अर्धा तास मला दोन-दोन अध्यक्ष दिसत होते."

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानें वेळेवर अन्न न घेतल्यास रक्तांतील साखर एकाएकीं उतरते. घाम, कंप, असंबद्ध बोलणें, डोळ्यांपुढें अंधारी हीं तिचीं लक्षणें. अशा वेळीं तोंडांत साखर घालावी. आणि मनुष्य बेशुद्ध झाला असल्यास तोंडांत कांहींएक न घालतां त्यास थेट दवाखान्यांत न्यावें. हें मला त्या वेळीं ठाऊक नव्हतें. परिषदांना जाणारीं माणसें बहुधा प्रौढ वयाचीं असतात. सभागृहांत शंभर माणसें बसलीं असतील तर त्यांत गोळ्या घेणारीं किती असतील, ह्याचा विचार कार्यपत्रिका आंखणाऱ्यांनीं करावयास नको का ?

त्या दिवसानंतर अण्णांनीं एक शिस्त घालून घेतली. परगांवीं पोहोंचल्यावर सभागृह कोठें आहे तें नंतर पाहावयाचें. आधीं उतरण्याच्या जागेपासून चालत दहा मिनिटांच्या आंत खाणावळ कोठें आहे, ती किती वाजतां उघडते आणि मुख्य म्हणजे किती वाजतां बंद होते, हें स्वतः जाऊन विचारून यावयाचें. पुण्यांत ह्या शेवटच्या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. दुपारीं एक ते चार दुकान बंद ठेवण्याची पुणेरी रीत आतां पुष्कळ सैल झाली आहे. परंतु जुन्या वळणाच्या भोजनगृहांत अडीच-तीननंतर गेलें तर ताट मिळेल ह्याची खात्री धरूं नये, आणि रात्रीं दहानंतर तर मुळींच नाहीं.

आतां ठिकाणांविषयीं. परिषद कोठें आहे, ह्यावर सारें अवलंबून. टिळक स्मारक मंदिर, महाराष्ट्र साहित्य परिषदेची वास्तु, स. प. महाविद्यालय हीं सगळीं टिळक रस्त्यावर किंवा त्याच्या आसपास आहेत. तेव्हां साहित्य आणि शिक्षण ह्या दोन खात्यांच्या पाहुण्यांना हाच रस्ता अधिक परिचयाचा. येथें भोजनासाठीं लांब जावें लागत नाहीं. स्वातंत्र्यापूर्वींपासून चालत आलेली 'बादशाही' ह्याच भागांत आहे. नांव बादशाही, पण थाट मध्यमवर्गीय : पोळी, भाजी, आमटी, भात, आणि भिंतीवर नियमांच्या पाट्या. ह्या पाट्यांची थट्टा पुष्कळांनीं केली आहे. मला मास्तर ह्या नात्यानें त्या आवडतात. काय मिळेल आणि काय मिळणार नाहीं हें आधींच लिहून ठेवणारा माणूस सहसा फसवीत नाहीं. त्याच रस्त्यावरच्या 'दुर्वांकुरा'ची थाळी मोठी व पक्वान्नासह असते. तिथें जावें, पण रात्रीं. दुपारच्या सत्रांत आपणांस भाषण करावयाचें असेल तर अशा थाळीपासून चार हात दूर राहावें. आणि दुसऱ्याचें ऐकावयाचें असेल तर आठ हात. श्रीखंड आणि मसालेभात खाऊन बालशिक्षणावरील निबंध जागेपणीं ऐकणारा माणूस मीं अद्याप पाहिलेला नाहीं.

लक्ष्मी रस्त्यावर उतरणाऱ्यांना 'पूना गेस्ट हाउस' आहे. येथें राहणें व जेवणें एकाच छताखालीं होतें. मूकपटांच्या काळांतील दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार ह्यांनीं चित्रपटाचा धंदा बसल्यावर १९३५ त हें सुरू केलें. नाटकसिनेमांतल्या मंडळींना त्या घरानें किती आसरा दिला, हा एका स्वतंत्र भाषणाचा विषय होईल. तेथला साबुदाण्याचा वडा सकाळच्या सत्रापूर्वीं खाण्यास उत्तम. साडेअकरापर्यंत भूक पुन्हां डोकें वर काढीत नाहीं.

बालगंधर्व रंगमंदिर किंवा फर्ग्युसन महाविद्यालय ह्या बाजूस काम असेल तर डेक्कनचा परिसर हाताशीं आहे. फर्ग्युसन रस्त्यावरील 'वैशाली' व 'रूपाली' ह्यांचीं नांवें मी सांगितलीं नाहींत तरी तुमचे पुण्यांतले भाचेपुतणे तुम्हांला तेथें घेऊन जातीलच. दाक्षिणात्य पदार्थ निर्मळ व झटपट मिळतात, अडचण जागेची. शनिवारीं-रविवारीं टेबल मिळण्याची वाट पाहण्यांत जितका वेळ जातो, तितक्या वेळांत एक लहानसा परिसंवाद उरकेल. अशा वेळीं आपटे रस्त्यावर 'श्रेयस'कडे वळावें. तेथलें मराठी जेवण स्वस्त नाहीं, पण बसून, सावकाश, वडील माणसांना घेऊन जेवण्यासारखें आहे. सकाळीं लवकर जाग येणाऱ्यानें डेक्कनवरच्या 'गुडलक' ह्या १९३५ पासूनच्या इराण्याकडे जाऊन बन-मस्का व चहा घ्यावा. मीं तेथें एकदां एका थोर समीक्षकांना बन चहांत बुडवून खातांना पाहिलें, आणि त्यांच्याविषयींचें माझें भय त्या क्षणीं गेलें.

नारायण पेठेंतील बेडेकरांची मिसळ परगांवच्या माणसाला गोडसर वाटते. आम्हां इंदापूरबारामतीकडच्यांना तर फारच. पण परिषदेच्या दिवशीं हा तिचा दोष नसून गुणच आहे, हें वय झाल्यावर कळतें.

मोठ्या हॉटेलांत उतरणाऱ्यांसाठीं दोन शब्द. अलीकडे संस्था पाहुण्यांना मोठमोठ्या हॉटेलांत उतरवितात. खोलीचें भाडें संस्था देते, त्यांत सकाळची न्याहारीही बहुधा धरलेली असते. ती अवश्य घ्यावी. दुपारच्या व रात्रीच्या जेवणाचे पैसे मात्र पुष्कळदां आपल्या खिशांतून जातात, आणि बिल पाहिल्यावर जेवण पचत नाहीं. ह्यांत केवळ हॉटेलवाल्याचा लोभ आहे असें समजूं नये, करही आहे. साध्या उपाहारगृहांत जेवणावर ५ टक्के वस्तु व सेवा कर पडतो. परंतु ज्या हॉटेलांत खोलीचें दिवसाचें भाडें साडेसात हजार रुपयांच्या वर घेतलें जातें, तेथल्या भोजनगृहांत तो १८ टक्के असतो. म्हणजे तोच वरणभात जिना उतरून, रस्ता ओलांडून खाल्ला तर करच मुळीं तिपटीहून कमी होतो. त्याशिवाय कांहीं ठिकाणीं बिलांत सेवाशुल्क म्हणून एक रक्कम मिळविलेली असते. ती आपण होऊन मिळवूं नये, असें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२२ सालीं ठरवून दिलें आहे. शांतपणें सांगितलें तर ती कमी करून मिळते. मास्तरांच्या आवाजांत सांगितलें तर लवकर मिळते.

स्वच्छता कशी ओळखावी, असें मला पुष्कळ जण विचारतात. प्रत्येक उपाहारगृहास अन्नसुरक्षा कायद्याखालीं परवाना किंवा नोंदणी घ्यावी लागते, आणि तिचा चौदा आंकडी क्रमांक दर्शनी लावावा लागतो, तो पाहावा. पण मी त्याहून दोन गोष्टींवर अधिक विसंबतों. एक, हात धुण्याच्या जागेवर साबण आहे कीं नाहीं. ज्याला गिऱ्हाइकाच्या हातांची फिकीर नाहीं, तो आचाऱ्याच्या हातांची काय करणार ? दुसरी, आसपासचे कचेरींतले लोक, पोष्टमन, बँकेंतले शिपाई तेथें जेवतात कीं नाहीं. पाहुणा एकदां येऊन जातो, त्याला कसेंही घालतां येतें. रोजच्या माणसाला रोज फसवितां येत नाहीं. चिरून ठेवलेली काकडी, उघड्यावरची चटणी आणि बर्फ हीं तीन मात्र परिषद संपेपर्यंत वर्ज्य करावीं. १८८५ सालची आठवण ठेवावी.

आतां आमच्या बाजूविषयीं. पूर्वीं परिषद म्हटली म्हणजे आम्ही शहराकडे जात असूं. आतां गंगा उलटी वाहूं लागली आहे. मोरोपंतांच्या बारामतींत विद्या प्रतिष्ठानाचें गदिमा सभागृह आहे. माळेगांवास अजैविक ताणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था २००९ पासून आहे. शारदानगरास कृषि विज्ञान केंद्राचें 'कृषिक' हें शेतीचें प्रदर्शन जानेवारीच्या सुमारास भरतें, आणि त्याला महाराष्ट्रांतून माणसें लोटतात. ह्या पाहुण्यांपैकीं पुष्कळ जण भिगवण रस्त्यावरच्या किंवा औद्योगिक वसाहतीजवळच्या हॉटेलांत उतरतात, आणि तेथें बसून पनीर व तंदुरी रोटी खाऊन परत जातात. मला ह्याचें फार वाईट वाटतें. बारामतीस येऊन पनीर खाणें म्हणजे पंढरपुरास जाऊन सिनेमा पाहणें होय.

हा ज्वारीचा मुलूख आहे. पाहुण्यानें चौकशी करावी ती एवढीच, कीं भाकरी जवळपास कोठें मिळते. आणि चांगलें ठिकाण ओळखण्याची खूण डोळ्यांची नसून कानांची आहे : आंत भाकरी थापल्याचा आवाज येतो कीं नाहीं. आवाज येत असेल तर बसावें. भाकरी आधीं करून फडक्यांत गुंडाळून ठेवलेली असेल तर उठावें. तव्यावरून निखाऱ्यावर गेलेली, टम्म फुगलेली, पापुद्रा सुटलेली भाकरी, तिच्यावर पिठलें, शेजारीं हिरव्या मिरचीचा खर्डा, फोडलेला कांदा, आणि असल्यास भरलें वांगें. दहीं मागून घ्यावें. मांसाहारी पाहुण्यांना मटणाचा रस्सा सुचविला जाईल. त्यांनीं आधीं अळणी, म्हणजे तिखट न घातलेला पातळ रस्सा मागावा. तिखटाचा आमच्याकडचा अंदाज आणि शहरांतला अंदाज ह्यांत फरक आहे. एका मुंबईच्या प्राध्यापकांनीं पहिल्या घांसानंतर मला विचारलें, "हें रोज खातां ?" मीं म्हटलें, "रोज नाहीं. पाहुणे आले म्हणजे." डिसेंबर-जानेवारींत आलांत तर हुरडा चुकवूं नका. कोंवळीं कणसें शेतांतच आरांत भाजून, हातावर चोळून, लसणाच्या चटणीशीं खावयाचीं. ह्याला हॉटेल नाहीं, ओळख लागते. कृषि परिषदेंत शेजारच्या खुर्चीवरील शेतकऱ्याशीं दोन शब्द बोलावे, कीं ओळख होते.

मासे खाणाऱ्यांनीं संध्याकाळीं भिगवणकडे यावें. भीमेवरील उजनीचें धरण १९८० त पुरें झालें, आणि इंदापूर तालुक्याच्या उत्तरेकडील कांठचीं गांवें पाण्याखालीं गेलीं. जुन्या पळसदेवचें देऊळ उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे वर येतें. आमच्याकडचीं म्हातारीं माणसें तें पाहावयास जातात, आणि फार वेळ कोणी कोणाशीं बोलत नाहीं. ज्या काळ्या रानांत ज्वारी डोलत होती, त्यावर आतां होड्या चालतात. भिगवणला मासळीचा मोठा बाजार भरतो, आणि हमरस्त्यालगतच्या हॉटेलांतून मासळीची थाळी मिळते : तळलेला तुकडा, झणझणीत कालवण, भाकरी व भात. रोहू, कटला, वाम, मरळ, आणि सर्वांत अधिक चिलापी. ही चिलापी मूळची आफ्रिकेंतली. पण येथें अशी नांदली आहे कीं, जुन्या जातीच्या मासळीला तिनें मागें सारलें. हिवाळ्यांत कुंभारगांव, डिकसळ ह्या बाजूस रोहित पक्षी उतरतात. पहांटे होडींतून ते पाहावे आणि होडीवाल्याच्याच घरीं सांगून ठेवलेलें जेवण दुपारीं जेवावें, ह्यासारखा परिषदेचा उत्तरार्ध नाहीं.

येथें एक खरी गोष्ट लपवून ठेवणें बरें नव्हे. पुण्याचें सांडपाणी नद्यांवाटे भीमेंत, आणि भीमेवाटे उजनींत येतें. पाणी उन्हाळ्यांत हिरवें पडतें. तेव्हां मासा त्याच दिवशींचा आहे ना, हें विचारावें, पुरता शिजलेला असावा, आणि पाणी उकळलेलें किंवा शुद्ध केलेलें प्यावें. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनीं ह्याबद्दल आमच्याकडे तक्रार करूं नये. आम्हीं तीच तक्रार त्यांच्याकडे करावयाची आहे, आणि ज्या परिषदेंत ती ऐकून घेतली जाईल तिच्या भोजनाची व्यवस्था मी स्वतः करीन.

निमगांव केतकीच्या पानमळ्यांतलें पान मुखशुद्धीला मिळालें तर उत्तमच.

अण्णा आतां नाहींत. त्या दिवसानंतर ते पिशवींत ॲल्युमिनियमची एक चपटी डबी बाळगीत. तींत साखरेचे खडे, गूळ आणि भाजलेले शेंगदाणे असत. ती डबी त्यांच्या मुलानें मला दिली. मला मधुमेह नाहीं, तरी ती मी बरोबर नेतों. मध्यंतरीं बारामतीस एका चर्चासत्रांत माझ्या शेजारीं एक मध्यमवयीन गृहस्थ बसले होते. दीड वाजून गेला होता आणि जेवणाचें लक्षण दिसत नव्हतें. पाहतों तों गृहस्थांच्या कपाळावर घाम, हातांतला कागद थरथरतो आहे. मीं झटकन् डबी काढली, उघडून पुढें धरली आणि हलक्या आवाजांत विचारलें, "साखर आहे का आपल्याला ?"

ते म्हणाले, "नाहीं हो, यापुढचं भाषण माझं आहे."

तरी त्यांनीं गुळाचा एक खडा घेतला.